झाकणावरचा चेहरा

वेलाथ्री, वेलचित्ना महिना, द्राक्षवेली छाटून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी

सेथ्रेदादा,

बाबा गेल्याचा निरोप तुला पोचला, हे मला मीठवाल्याकडून कळलं, तुझ्याकडून नाही. तो सांगत होता की तू त्याला आत बोलावलंस, वाइन दिलीस, डोळे पुसलेस आणि म्हणालास, "बघतो, येतो." त्याला आता अडीच महिने झाले. रोमहून इथं यायला बैलगाडीलासुद्धा पंधरा दिवस पुरतात.

म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. मला कुणी नीट सांगितलंच नाही, असं म्हणायला तुला जागा नको.

बाबांची राख कारखान्यात फळीवर आहे, तेलाच्या रिकाम्या घागरीत. राख ठेवायची पेटी तयार आहे. तिच्यावरची गाडी, घोडे आणि निरोप देणारी माणसं बाबांनी स्वतः कोरली. झाकणही तयार आहे. डाव्या कोपरावर रेललेले बाबा, हातात वाडगा, पोट खऱ्यापेक्षा जरा कमीच दाखवलंय. मान पाहुण्यांकडे वळवलेली आणि तिच्यावर नुसता दगडाचा गोळा. आपली रीतच आहे ती, थंडीत अंगं करून ठेवायची आणि माणूस गेला की त्याचं तोंड करायचं. पण ज्याने गावाची तोंडं केली त्याचंच असं बिनतोंडाचं पडून राहावं, हे काही बरं दिसत नाही.

तापाच्या तिसऱ्या दिवशी ते कारखान्यातल्या आर्न्थकाकांसमोर म्हणाले, "माझं तोंड सेथ्रे करील. रामथाने हात लावायचा नाही." मी तिथंच होते, पेजेचा वाडगा घेऊन. मला बाहेर पाठवून म्हणाले असते तरी चाललं असतं.

सुगीच्या आत राख खाली थडग्यात गेली पाहिजे, हे तुला सांगायला नको. द्राक्षं उतरली आणि राख अजून वरच असली तर त्या माणसाची जागा थडग्यातली मंडळी दुसऱ्याला देतात. आणि चेहऱ्याशिवाय नेलं तर ओळखणार कोण, पंगतीला घेणार कोण? आई रोज हेच बोलते. तिच्या दोन्ही डोळ्यांत आता पडदा आलाय, समोरचं माणूस तिला फक्त आवाजावरून कळतं.

आठ दिवसांचं काम आहे. ये.

रामथा


काब्रेआस महिन्याचा शेवट

दादा,

तुझं उत्तर आलं, तेही रोमनांच्या भाषेत. मला ती अक्षरं लागतात, पण अडखळत. म्हणून करवसुलीच्या लेखनिकाकडे गेले. त्याने चौकात उभं राहून मोठ्याने वाचलं, आणि जे मला कळायच्या आधी भाजीवालीला कळलं ते असं, की सेथ्रेला एका बड्या माणसाचा पुतळा करायचा आहे, बाजारचौकात उभा राहणारा, आणि शरद संपेपर्यंत त्याला मान वर करायला सवड नाही.

वर सल्ला. तिथं म्हणे मेलेल्याच्या तोंडावर मेण ओतून ठसा घेतात, तो पाठवून द्या. दादा, बाबांना आम्ही थंडीतच जाळलं. ठसा कशाचा घेऊ, घागरीचा?

खाली सही केलीस, सेक्स्टुस विबिउस. आई म्हणाली, "हा कोण?" मी सांगितलं, आपला सेथ्रे, तिथं त्याला असं म्हणतात. ती बराच वेळ डाळ निवडत बसली. डोळे गेल्यापासून डाळ ती बोटांनी निवडते आणि एक खडा राहू देत नाही. मग म्हणाली, "त्याला लिही, मी कुठल्याही सेक्स्टुसला जन्म दिलेला नाही."

लिहिलं.

तुझ्यावर मी रागावलेय हे खरं, पण बाबांवर त्याहून जास्त. रोमनांचा वेढा उठला त्या वर्षी गावात खायला उंदीर उरले नव्हते, माझा नवरा तटावरून परत आला नव्हता, आणि बाबा मात्र भर बाजारात ओरडून सांगत होते की माझ्या पोरासारखा हात अख्ख्या वेलाथ्रीत नाही. ते ऐकून तो रोमन ठेकेदार थांबला. महिन्याभरात तू गेलास. त्याला अकरा वर्षं झाली. बाबांनी तोंड मिटून ठेवलं असतं तर आज मला ही पत्रं लिहावी लागली नसती.

तू मानेचं माप मागितलंस, ते पाठवतेय. दोऱ्याला दोन गाठी आहेत, पहिलीपर्यंत मानेचा घेर, तिथून दुसरीपर्यंत हनुवटी ते कपाळ. येण्याआधी मनात आखणी करायची असेल तुला. आईला मी तसंच सांगितलंय.

रामथा


आक्लुस महिना, गहू कापणीचा चौथा दिवस

गाडी दारात थांबली तेव्हा आईला मीच ओरडून सांगितलं, दादा आला. ती भिंत धरत धरत उंबऱ्यापर्यंत आली. गाडीवानाने पेंढ्यात बांधलेलं एक गाठोडं उतरवलं आणि सही मागितली.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

खोटं बोलणार नाही. सोडून पाहिलं तर आत बाबांचं डोकं, हुबेहूब. डाव्या पापणीवरची गाठ, गालावरच्या दोन रेघा, पुढे आलेला खालचा ओठ, सगळं आहे. संगमरवरात इतकं बारीक काम बाबांना जमलं नसतं. हात तुझाच आहे, आणि गेल्या अकरा वर्षांत तो पुढे गेलाय.

आता पुढचं ऐक. मानेखाली तू खुंटी ठेवलीस, सरळ. तिथं तुमच्याकडे उभ्या माणसांची अंगं तयार असतात, झगा घातलेली, आणि वर ज्याचं त्याचं डोकं खोचतात, हे मीठवाल्याने मला सांगितलं. आर्न्थकाकांनी गोळा कापून काढला, खाच केली, डोकं बसवलं आणि मागे सरले. दादा, आपली माणसं पडून जेवतात. डाव्या कोपरावर रेलून, मान पाहुण्यांकडे वळवून. तुझं डोकं समोर बघतं. म्हणजे आता बाबा सगळी पंगत सोडून स्वतःच्या पायाच्या अंगठ्यांकडे बघत बसलेत, चांभाराला माप देत असल्यासारखे. आर्न्थकाका आधी हसले आणि मग बाहेर जाऊन ओट्यावर बसून राहिले.

तू या घरात वीस वर्षं जेवलास. कसं बसतो आपण, एवढंही विसरलास?

त्यात नाकापेक्षा मोती जड. आपला दगड मऊ, पिवळसर, उन्हात धरला तर उजेड आरपार दिसतो. तुझं डोकं पांढरंफटक आणि वजनाला जड. झाकण पुढे कलंडतं.

सोबत पेटीवर कोरायचा मजकूर पाठवलास. लारिस विबिउस, वेलचा मुलगा. विपीचं विबिउस झालं, ते सोड. आणि आजी कुठं गेली? आपल्यात बापाबरोबर आईचं नाव लिहितात, थानाच्या पोटचा, असं. रोमनांना बायकांची नावं दगडावर नको असतील. पण ही थाना तुला पाठुंगळी घेऊन झऱ्यावर जायची, आणि बाबा तिच्याच शेजारी जाऊन पडायचे आहेत. नातवाने आपलं नाव गाळलं हे तिला काय मी सांगू?

आईने चेहऱ्यावरून हात फिरवला. कपाळ, पापणी, ओठ. मग पदराला हात पुसले आणि म्हणाली, "हा कुणावर तरी ओरडतोय."

मी नीट पाहिलं, आणि खरंच होतं ते. बाबा आयुष्यात एकदाच असे दिसले, तू निघालास त्या सकाळी. तुझ्याजवळ त्यांचा तेवढाच चेहरा उरला असेल तर मी काय बोलणार?

पण आता तरी ये. चिडून लिहितेय, तरी ये म्हणतेय. द्राक्षांच्या सुगीला अजून वेळ आहे.

रामथा


त्रानेउस महिना, उन्हाने विहीर आटली तो आठवडा

सेथ्रे,

आधी वाईट बातमी. आर्न्थकाकांनी तुझ्या डोक्याची खुंटी तिरकी घासली, निदान मान तरी वळेल म्हणून. दोन दिवस घासत होते. मग बसवून वरून हलकेच ठोकलं. तुझा संगमरवर हलला नाही, आपला दगड फुटला. मानेपासून काखेपर्यंत चीर गेली. बाबांनी केलेलं शेवटचं अंग ते. म्हातारा माणूस जमिनीवर बसला आणि सांगू लागला की मला कामावरून काढ. मी त्यांना पाणी दिलं. चिरेत शिसं ओतून ती बसवली आहे, वर रंग दिला की दिसणार नाही.

आणि त्याच दिवशी तुझं पत्र. आहे तसंच बसवा म्हणतोस. आत अंधारात कोण बघणार आहे, म्हणतोस. दहा वर्षांनी वेलाथ्रीतसुद्धा हे झोपलेले म्हातारे कुणी करणार नाही, म्हणतोस.

शेवटचं कदाचित खरं असेल. तरण्या पोरांना आता तुझ्यासारखी नावं हवीत आणि तुमच्यासारखे उभे पुतळे. पण कोण बघणार, हे तू विचारावंस? ज्या घरात आपण जन्मलो तिथं अंधारातल्या माणसांसाठीच तर सगळं केलं. त्या कमाईवर तू छिन्नी धरायला शिकलास.

बरं झालं तसं लिहिलंस. आता मला जे लिहायचं नव्हतं ते लिहिते.

तीन वर्षांपूर्वी मीठवाल्याने त्याच्या मेलेल्या बायकोच्या तोंडाचा मातीचा नमुना तुला दाखवला होता. तू कौतुकाने लिहिलंस की बाबांचा हात म्हातारपणी आणखी मऊ झालाय, असा ओठ मलाही जमत नाही. तेवढं एकच पत्र तू आपल्या भाषेत लिहिलं होतंस. बाबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग म्हणाले, जा, रंग कालव.

ते तोंड मी केलं होतं.

त्यानंतरचं प्रत्येक तोंड मी केलंय. बाबांचे हात थरथरू लागले होते. एकदा छिन्नी सटकली आणि एका भल्या माणसाचं नाक उडालं. त्या दिवसापासून तोंडाचं काम निघालं की कारखान्याचं दार लागायचं. मी दगडावर काम करायची, आणि बाबा शेजारी बसून एका टाकाऊ तुकड्यावर हातोडी मारत राहायचे, त्यांच्या त्या ठरलेल्या तालात, रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं की लारिस कामाला बसलाय. आर्न्थकाकांना माहीत होतं. त्यांना शपथ घातली होती.

मग घरचे लोक यायचे, रडायचे, बाबांचे हात धरायचे. म्हणायचे, आमची आई अगदी जिवंत केलीत. बाबा मान डोलवायचे. मी कोपऱ्यात रंगाच्या वाट्या धूत असायची. तेही मी सोसलं असतं. पण दार बंद असतानासुद्धा, आम्ही दोघंच असतानासुद्धा, या तीन वर्षांत त्यांनी एकदाही म्हटलं नाही की रामथा, चांगलं झालंय. नुसतं बघत राहायचे, खूप वेळ, आणि म्हणायचे, "रंगव."

आणि शेवटी काय, तर रामथाने हात लावायचा नाही. तीन वर्षं गावाची तोंडं चालली, स्वतःचं चालेना. त्यासाठी जो येत नाही तो हवा.

मी हात लावणार आहे. त्यांचा शब्द मोडून. तू आता आलास तरी चालेल, नाही आलास तरी चालेल. तुझं डोकं पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलंय, न्यायचं असेल तेव्हा ने.

रामथा


केलिउस महिना, सुगीच्या आदल्या दिवशी

सेथ्रे,

काल बाबांना खाली नेलं.

तोंड तीनदा करावं लागलं. पहिलं तुझ्यासारखंच झालं, ओरडणारं. माझ्याही मनात तेच बसलं असावं. फोडून टाकलं. दुसरं गुळगुळीत झालं, गावातल्या कुठल्याही सभ्य मेलेल्या माणसाचं. ज्याच्याशी भांडावं असा चेहरा नव्हता तो. तेही फोडलं. आर्न्थकाका म्हणाले, दगड संपत आलाय, पोरी. सुगीला सात दिवस होते. मला ना झोप, ना भूक, आणि प्रत्येक घावाला वाटत होतं की बाबा बरोबरच म्हणाले होते, हिला नाही जमायचं.

मग तिसऱ्याला मी दार लावून बसले आणि जे फक्त मी पाहिलंय तेवढंच करायचं ठरवलं. माझं काम पुरं झालं की ते ज्या तऱ्हेने बघायचे, ते. डोळे जरा बारीक, ओठ मिटलेले पण पक्के नाहीत, मान बाजूला. "रंगव" म्हणायच्या आधीचे बाबा. चार दिवसांत झालं. अंगाला तांबडा रंग दिला, भुवया काळ्या केल्या. पेटीवर लिहिलं, लारिस विपी, वेलचा आणि थानाच्या पोटचा.

आईला खुर्चीवर बसवून नेलं. आर्न्थकाकांच्या मुलांनी थडग्याचा दगड सरकवला. आत आजोबा, आजी, काका, सगळे आपापल्या कोपरावर रेललेले, धुळीने भरलेले. आजीच्या शेजारची जागा पुसून पेटी ठेवली, झाकण बसवलं. शेजारपाजारचे दहाबारा जण दारात दाटीवाटीने उभे होते. त्यांना वाटत होतं की तुझं डोकं बसवलंय, बैलगाडी सगळ्यांनी पाहिली होती.

आईने हात पुढे केला. मी तिची बोटं कपाळावर नेऊन ठेवली. ती हळूहळू खाली आली, पापणीवर थांबली, ओठांवर थांबली. मग तिने पूर्ण पंजा त्या गालावर ठेवला आणि तसाच ठेवून बसली.

"हे तेच," ती म्हणाली. "काहीतरी तोंडाशी आलंय आणि बोलत नाहीत." आणि मग, "कुणी केलं?"

आर्न्थकाका माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मी केलं, आई. त्यांनी नको म्हटलं होतं तरी केलं."

मला वाटलं ती हात काढून घेईल. तिने काढला नाही. दारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गावाची तोंडं तूच करतेस ते मला तीन वर्षं ठाऊक आहे. रोज अंथरुणावर पडले की हे मला सांगायचे, पोरीचा हात सेथ्रेपेक्षा चांगला आहे. मी म्हणायचे, मग तिला सांगा की. तर म्हणायचे, एकाला सांगितलं, तो गेला."

मी विचारलं, मग स्वतःचं तोंड तरी मला का नाही करू दिलं? तिला त्यात काहीच अवघड वाटलं नाही.

"दुसऱ्यांची तोंडं त्यांच्या नावावर खपायची. स्वतःचं मेल्यावर कसं खपणार? तू केलं असतंस तर गावाला कळलं असतं, मग तुझा हात काय आहे ते तुलाही कळलं असतं. शिवाय त्या निमित्ताने तो येईल असं त्यांना वाटत होतं."

दगड परत लावला, वाइन ओतली, डुकराचं मांस आणि डाळ वाढली, लोक जेवून गेले. जाताना कुंभारीण माझे हात धरून म्हणाली, आमच्या सासूबाईंचंही तूच केलं होतंस ना, आणि रडली. इतकी वर्षं मला हेच हवं होतं. काल ते ऐकून मला नुसतं घरी जाऊन पडावंसं वाटलं.

आज सकाळपासून मी कारखान्यात एकटीच त्यांच्याशी भांडतेय. अंथरुणावर पडून आईला सांगता येत होतं, मला येत नव्हतं. मुलगी जाईल या भीतीने तिला तीन वर्षं रंगाच्या वाट्या धुवायला लावल्या. मरतानासुद्धा तिला नालायक ठरवलं, पण सांगितलं नाही. हे काय प्रेम झालं? मला एकदा विचारायचं तरी. मी म्हटलं असतं, बाबा, तुम्हाला आणि आईला टाकून मी कुठं जाणार?

असं म्हटलं असतं, पण ते खोटं असतं. दुपारपासून हेच डोक्यात आहे आणि तुझ्याशिवाय कुणाला लिहावं कळत नाही, कारण हे फक्त तुलाच समजेल. बाबांनी मला बरोबर ओळखलं होतं. त्यांनी एकदा जरी म्हटलं असतं की रामथा, तुझा हात सेथ्रेपेक्षा चांगला आहे, तर त्याच वसंतात मीठवाल्यांच्या गाडीवर बसून मी तुझ्या दारात येऊन उभी राहिले असते.

आता आईचं जेवण करायला उठते.

रामथा